दिवस आधी, दृष्टान्त नंतर : शनिवारच्या शब्बाथाचा कालक्रम (थ्रेड)

१/ पवित्र दिवसाचा प्रश्न नागपूरकराला नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. पुढे तारीख आणि तिथी यांची वाट वेगळी झाली. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला जनसागर लोटतो आणि १४ ऑक्टोबरही आदराने पाळला जातो. दिवस कोणता, तो कशावरून मोजायचा आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न प्रत्येक जिवंत परंपरेपुढे कधी ना कधी उभे राहतात.

२/ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका लहानशा ख्रिस्ती समुदायापुढे हेच तीन प्रश्न उभे राहिले आणि त्यांत चौथ्याची भर पडली. एका व्यक्तीला झालेले ईश्वरी दृष्टान्त सगळ्यांवर बंधनकारक मानायचे काय? या चार प्रश्नांच्या ओढाताणीतून सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी घडली. तिच्यापासून फुटलेले पंथही त्याच ओढाताणीतून निघाले.

३/ या इतिहासाच्या दोन कथा प्रचलित आहेत. भाविक सांगतो की, एलेन व्हाइट यांना दर्शन घडले आणि हरवलेला शनिवारचा शब्बाथ जगाला परत मिळाला. उपहास करणारा सांगतो की, एका आजारी मुलीला भास झाले आणि भोळ्या लोकांनी त्यावर धर्म उभारला. एकाचा सूर स्तुतीचा, दुसऱ्याचा निंदेचा. परंतु घटनाक्रम दोघांचाही एकच आहे : आधी दृष्टान्त, मग दिवस. हा क्रम चुकीचा आहे.

४/ आरंभ विल्यम मिलर यांच्यापासून करावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील हा बाप्टिस्ट शेतकरी. बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांना २३०० वर्षे मानून त्यांनी ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास होईल, असे गणित मांडले. पुढे सॅम्युएल स्नो यांनी नेमकी तारीख काढली : २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोकांनी ती रात्र जागून काढली. सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात या घटनेला ‘महानिराशा’ म्हणतात.

५/ मिलर आणि त्यांचे बहुसंख्य अनुयायी रविवार पाळणारे होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मिलर १८४९ मध्ये वारले, तोवर त्यांनी शनिवार स्वीकारला नव्हता. त्यांच्या चळवळीची ओढ ख्रिस्त केव्हा येणार या प्रश्नाकडे होती. आठवड्याचा कोणता दिवस पाळावा, हा त्या चळवळीचा प्रश्न नव्हता. तो बाहेरून आला.

६/ तो आणणारी एक स्त्री होती, परंतु दृष्टान्त पाहणारी नव्हे. तिचे नाव रेचल ओक्स. ती सेव्हन्थ डे बाप्टिस्ट पंथाची. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उगम पावलेला हा पंथ अमेरिकेत १६७१ पासून, ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे, शनिवार पाळत आला होता. म्हणजे अ‍ॅडव्हेंटिस्टांचा जन्म होण्याआधी पावणेदोनशे वर्षे अमेरिकेच्या भूमीवर शनिवारचा शब्बाथ नांदत होता. तो हरवलाच नव्हता, तर सापडण्याचा प्रश्न कुठे येतो?

७/ न्यू हॅम्पशायरमध्ये वॉशिंग्टन नावाचे एक खेडे आहे. तेथील उपासनेत फ्रेडरिक व्हीलर या उपदेशकाने देवाच्या सर्व आज्ञा पाळण्याचा उपदेश केला. तेव्हा रेचल ओक्स यांनी त्यांना सुनावले की, दहा आज्ञांपैकी एक तर तुम्ही स्वतःच मोडता. चौथी आज्ञा सातव्या दिवशी विश्रांती घ्यायला सांगते आणि सातवा दिवस शनिवार होय. ही हकीकत परंपरेने सांगितली जाते. एवढे मात्र निश्चित की, १८४४ च्या पूर्वार्धातच त्या खेड्यातील काही जण शनिवार पाळू लागले. महानिराशेची ऑक्टोबरमधील रात्र अजून उगवायची होती.

८/ पुढचा दुवा छापील कागदाचा. टी. एम. प्रेबल यांनी फेब्रुवारी १८४५ मध्ये ‘होप ऑफ इस्राएल’ या पत्रात शनिवारच्या बाजूने लेख लिहिला आणि लगेच त्याची पुस्तिकाही काढली. तो लेख निवृत्त जहाज-कप्तान जोसेफ बेट्स यांनी वाचला आणि ते बायबल उघडून बसले. मग त्यांनी वॉशिंग्टन खेडे गाठले आणि ऑगस्ट १८४६ मध्ये स्वतःची पुस्तिका प्रसिद्ध केली. स्वतः प्रेबल मात्र पुढे रविवाराकडे परतले. ठिणगी टाकणारा निघून गेला, तरी दिवा तेवत राहिला.

९/ या सर्व काळात एलेन कुठे होत्या? एलेन हार्मन यांचा जन्म १८२७ चा, मेन राज्यातील. महानिराशेनंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर १८४४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना पहिला दृष्टान्त झाला. त्या दृष्टान्ताचा विषय खचलेल्या विश्वासणाऱ्यांची स्वर्गाकडे जाणारी वाट हा होता. शनिवार पाळा, असा आदेश त्यातून निघाला नाही. पुढे जवळपास दोन वर्षे एलेन रविवारच पाळत होत्या.

१०/ १८४६ मध्ये बेट्स यांनी त्यांच्यापुढे शनिवारचा विषय काढला, तेव्हा एलेन यांना तो पटला नाही. दहा आज्ञांपैकी एकीवरच बेट्स एवढा भर का देतात, असे त्यांना वाटले. ही कबुली विरोधकांनी शोधून काढलेली नाही. एलेन यांनीच ती आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ऑगस्ट १८४६ मध्ये त्यांचा जेम्स व्हाइट यांच्याशी विवाह झाला. त्या शरद ऋतूत नवदांपत्याने बेट्स यांची पुस्तिका वाचली, वचने ताडून पाहिली आणि शनिवार स्वीकारला.

११/ शब्बाथाचा प्रसिद्ध दृष्टान्त एप्रिल १८४७ मधला. त्यात एलेन यांना स्वर्गातील मंदिरात दहा आज्ञांच्या पाट्या दिसल्या आणि चौथ्या आज्ञेभोवती तेजोवलय दिसले. आता तारखा ओळीने मांडाव्यात. रेचल ओक्स १८४४. प्रेबल १८४५. बेट्स १८४६. व्हाइट दांपत्याचा स्वीकार १८४६. दृष्टान्त १८४७. भाविक आणि उपहासक या दोघांचीही कथा या ओळीपुढे टिकत नाही.

१२/ दुसरा वाद अधिक बोलका आहे. शनिवार ठरला, पण तो सुरू केव्हा होतो? बायबल सांगते, संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत. आता संध्याकाळ म्हणजे काय? बेट्स म्हणत, सायंकाळचे सहा. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सर्व जगाला तीच वेळ लावावी. काही जण सूर्यास्त धरत, तर मेनमधील काही जण चक्क सूर्योदयापासून दिवस मोजत. एकाच मंडळीत एकाचा शब्बाथ संपलेला आणि दुसऱ्याचा चालू, अशी अवस्था होती.

१३/ मराठी वाचकाला यात हसण्यासारखे काही आढळू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरात काही महिन्यांत ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ अशा दोन ओळी लागोपाठच्या दिवशी छापलेल्या असतात. स्मार्त सूर्योदयाची तिथी पाहतात. वैष्णव त्याआधीचा अरुणोदय, म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या चार घटका, पाहतात. तेव्हा दशमीचा स्पर्श असेल, तर ते उपवास दुसऱ्या दिवशी धरतात. ९६ मिनिटांच्या या फरकावर घराघरांतील उपवासाचा दिवस बदलतो. बेट्स यांचा प्रश्न याच जातीचा होता.

१४/ फरक किती पडतो, ते नागपुरावरूनच पाहावे. येथे जूनमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या आसपास. मेन राज्य कितीतरी उत्तरेला. तेथे ऐन हिवाळ्यात चार वाजून गेले की अंधार पडू लागतो. सहाचा नियम धरणारा तेथील शेतकरी शुक्रवारी अंधार पडल्यावरही दीड-दोन तास लाकडे फोडत राही. सूर्यास्त पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीने तो शब्बाथ मोडत होता.

१५/ हा तिढा सोडवला जॉन नेव्हिन्स अँड्र्यूज या तरुण अभ्यासकाने. त्याने बायबलमधील ‘संध्याकाळ’ या शब्दाचे प्रयोग गोळा केले आणि त्याचा अर्थ सूर्यास्त असल्याचे दाखवून दिले. नोव्हेंबर १८५५ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला आणि बहुतेकांना पटला. दोन ठळक व्यक्तींना मात्र पटला नाही. एक जोसेफ बेट्स. दुसऱ्या एलेन व्हाइट. नऊ वर्षे त्याही सहाचाच नियम पाळत आल्या होत्या.

१६/ त्यानंतर काही दिवसांतच एलेन यांना दृष्टान्त झाला आणि तो सूर्यास्ताच्या बाजूने होता. बेट्स नमले, वाद मिटला. येथे दोन्ही बाजूंची अडचण होते. दृष्टान्तानेच सत्य उघड केले असे म्हणावे, तर निबंध आधी वाचला गेला होता. एलेन स्वतःच्या मताला दृष्टान्ताचे रूप देत होत्या असे म्हणावे, तर हा दृष्टान्त त्यांच्या नऊ वर्षांच्या आचाराविरुद्ध गेला. इतिहासाला एवढेच म्हणता येते : अभ्यासाने बहुसंख्यांना वळवले आणि उरलेल्या मोजक्यांना दृष्टान्ताने वळवले.

१७/ मग दृष्टान्ताचे महत्त्व शून्य होते काय? तसे मुळीच नाही. दृष्टान्त चर्चेला पूर्णविराम देत असे. विखुरलेल्या, थट्टेने पोळलेल्या, पैशाने दुबळ्या समुदायाला असा पूर्णविराम अमूल्य होता; त्यावाचून तो दहा तुकड्यांत विरून गेला असता. परंतु पूर्णविरामाची किंमत असते, आणि ती चर्चा चालू ठेवू इच्छिणाऱ्याला मोजावी लागते. येथून फुटींचा इतिहास सुरू होतो.

१८/ गंमत अशी की, १८५१ ते १८५५ या काळात जेम्स व्हाइट यांनीच आपल्या ‘रिव्ह्यू’ पत्रात पत्नीचे दृष्टान्त जवळजवळ छापले नाहीत. आपला आधार बायबल आहे, दृष्टान्त नव्हेत, हे त्यांना बाहेरच्यांना दाखवायचे होते. १८५५ च्या त्याच बॅटल क्रीक परिषदेत वारे फिरले. ईश्वराने दिलेल्या या देणगीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल ज्येष्ठांनी जाहीर खंत व्यक्त केली आणि युराया स्मिथ नवे संपादक झाले. दृष्टान्त आता समुदायाच्या मध्यभागी आले.

१९/ विरोध त्याआधीच पेटला होता. मिशिगनमधील जॅक्सन गावी केस आणि रसेल हे दोन उपदेशक दृष्टान्तांतून आलेल्या कानउघाडणीने दुखावले आणि १८५४ मध्ये त्यांनी ‘मेसेंजर ऑफ ट्रूथ’ हे विरोधी पत्र काढले. विस्कॉन्सिनमधील स्टीफन्सन आणि हॉल पुनरागमनानंतरच्या युगाविषयी वेगळे मत घेऊन बाहेर पडले. हे गट लवकरच विरले. विजेत्यांच्या कथेत ते ‘बंडखोर’ म्हणून एका वाक्यात उरतात.

२०/ गिल्बर्ट क्रॅनमर यांना एका वाक्यात संपवता येत नाही. ते शनिवार पाळत, पुनरागमनाची वाट पाहत, फक्त दृष्टान्त मानत नसत. १८६३ च्या मे महिन्यात बॅटल क्रीक येथे सुमारे ३५०० सदस्यांची सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी रीतसर संघटित झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रॅनमर यांच्या गटाने मिशिगनमधील हार्टफर्ड येथून ‘होप ऑफ इस्राएल’ हे स्वतःचे पत्र सुरू केले. नाव प्रेबल यांचा लेख छापणाऱ्या पत्राचेच, पत्र मात्र निराळे.

२१/ १८६५-६६ मध्ये आयोवातील मॅरियन येथे आणखी मोठा तडा गेला. स्नूक आणि ब्रिंकरहॉफ हे त्या राज्यातील मंडळीचे पदाधिकारीच बाहेर पडले. त्यांचा आक्षेप लेखी पुराव्यावर उभा होता. १८४७ मध्ये छापलेल्या दृष्टान्तातील काही ओळी १८५१ च्या आवृत्तीत गळल्या आहेत. १८४४ नंतर तारणाचे दार बंद झाले, असा अर्थ निघणाऱ्याच त्या ओळी होत्या. मग वगळल्या कोणी, आणि का? १८६८ मध्ये युराया स्मिथ यांनी पुस्तक लिहून आक्षेपांना उत्तर दिले.

२२/ उत्तर पटो वा न पटो, तो प्रश्न पाखंड नव्हता. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक टिपणे हे इतिहासाचे पहिले काम आहे. विठ्ठलभक्ताच्या गाथेची दोन हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या संशोधकाला कोणी नास्तिक ठरवले, तर मराठी वाचक संतापेल. मग आयोवातील दोन उपदेशकांना तो न्याय का नसावा? क्रॅनमर आणि मॅरियन यांच्या गटांतून पुढे ‘चर्च ऑफ गॉड (सेव्हन्थ डे)’ हा पंथ वाढला. तो आजही शनिवार पाळतो आणि एलेन व्हाइट यांना संदेष्टी मानत नाही. दृष्टान्ताविना शब्बाथ टिकतो, याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही.

२३/ आणि हा पुरावा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आहे. रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, धर्मगुरूंची शाळा नव्हती. दावीद रहाबी या प्रवासी ज्यूने त्यांना ओळखले, असे त्यांची परंपरा सांगते. परंतु ओळखण्याजोगा आचार आधीपासून होता, म्हणूनच ओळख पटली. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. घाणा त्याच्या कितीतरी आधीपासून शनिवारी थांबत होता.

२४/ बेने इस्राएलांपाशीही दर्शनाची कथा आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात संदेष्टा एलिया, त्यांचा एलियाहू हन्नाबी, प्रकटला आणि तेथून स्वर्गाला गेला, असे ते मानतात. तेथील खडकावरची खूण ते श्रद्धेने दाखवतात आणि मलिद्याचा विधी करून त्याचे स्मरण करतात. पण शनिवार पाळण्याचे कारण म्हणून ही कथा कोणी सांगत नाही. शनिवार वाडवडिलांपासून होता. संदेष्ट्याच्या येण्याने त्या भूमीला मान मिळाला.

२५/ अ‍ॅडव्हेंटिस्ट स्वतः भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. जॉर्जिया बरस १८९५ मध्ये कोलकात्यात पोहोचल्या. १९४२ मध्ये त्यांचे स्पायसर महाविद्यालय पुण्यात आले आणि आज ते विद्यापीठ आहे. म्हणजे ज्या वादाची कथा येथे सांगितली, त्याचा निकाल पुण्यात दर शुक्रवारी सूर्यास्ताला पाळला जातो. सहा वाजता नव्हे. अँड्र्यूजचा निबंध आठवणारे मात्र थोडे.

२६/ खरा मुद्दा या विस्मरणाचा आहे. सगळे श्रेय दृष्टान्ताला दिले की रेचल ओक्स, प्रेबल, अँड्र्यूज हे वाचणारे, वाद घालणारे, चुकणारे लोक पडद्याआड जातात. सगळा दोष दृष्टान्ताला दिला तरीही तेच लोक पडद्याआड जातात. भक्ती आणि उपहास यांनी मिळून एका समुदायाची अनेक वर्षांची बौद्धिक मेहनत पुसून टाकली आहे. अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीतील गंभीर इतिहासकार आधी अभ्यास, मग दृष्टान्त हाच क्रम सांगतात. तो ऐकला जात नाही, कारण चमत्कार आणि वेड या दोन्ही गोष्टी अभ्यासापेक्षा सांगायला सोप्या असतात.

२७/ दृष्टान्त खरा होता काय, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेतला नाही. तो श्रद्धेने आपल्या घरी सोडवावा. तो केव्हा झाला, त्याआधी लोक काय करत होते आणि त्यानंतर कोणाचे बोलणे थांबले, हे तीन प्रश्न मात्र निखळ इतिहासाचे आहेत. मराठी मुलखात स्वप्नदृष्टान्तांनी बांधलेल्या देवळांची, सापडलेल्या मूर्तींची, मिळालेल्या गुरूंची कमतरता नाही. त्या प्रत्येक कथेला हेच तीन प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारताना कोणाचा अवमान करावा लागत नाही.

२८/ पुढच्या विजयादशमीला दीक्षाभूमीच्या वाटेवर चालताना एखाद्या तरुण अभ्यासकाने आजूबाजूला पाहावे. कोणी त्या वाटेवर विजयादशमीला येतो, कोणी १४ ऑक्टोबरला, कोणी दोन्ही दिवशी. तो दिवस थोर झाला, तो तेथे जमलेल्या लाखो माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयामुळे. न्यू हॅम्पशायरच्या खेड्यात आणि अलिबागच्या घाण्यावरही दिवस माणसांनीच आधी धरला होता. तारखा ओळीने मांडल्या की ती माणसे पुन्हा दिसू लागतात. (समाप्त)